घड्याळ काढण्याआधी मामांना विचारा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी नवा इंजिनिअर म्हणून लागलो, त्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मोल्डिंगच्या जागी साठीकडे झुकलेले एक मोल्डर काम करायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. एके दिवशी त्यांनी ढिगातली मूठभर वाळू उचलली, दाबली, बोटांनी मधोमध मोडली आणि मोडलेल्या कडेकडे बघत म्हणाले, "सायेब, वाळू कोरडी पडलीया. साचा कड धरणार न्हाई." माझ्या हातात लॅबचा कागद होता. त्यावर ओलावा बरोबर होता. मी काम चालू ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी फेटलिंगला (नग साफ करायला) आलेले कितीतरी नग कडा ढासळलेले आणि वाळू शिरलेले निघाले. कागद खोटा नव्हता, तो काही तासांपूर्वीचा होता. मधल्या वेळेत उन्हाच्या झळांनी वाळूतलं पाणी उडालं होतं आणि मामांच्या मुठीला ते कळलं होतं.

त्यानंतर मी आणखी एक चूक केली. ग्राइंडिंगला एका नगाला किती वेळ लागतो हे मोजण्यासाठी घड्याळ खिशात लपवून खांबाआड उभा राहिलो. दोन दिवसांत ही गोष्ट सगळ्या शेडमध्ये पसरली. तिसऱ्या दिवसापासून मी दिसलो की हात संथ चालायचे. माझ्या वहीत आकडे भरत गेले आणि त्यांतला एकही कामाचा नव्हता.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत आज असंख्य तरुण उद्योजक आणि सुपरवायझर याच वळणावर उभे आहेत. गिऱ्हाईक कंपनी विचारते, "तुमचा सायकल टाइम किती?" सल्लागार येतो, तक्ते लावतो, निघून जातो. महिनाभरात तक्त्यांवर धूळ साचते. हे का होतं आणि ते टाळून काम कसं मोजावं, कसं सुधारावं, हे या लेखात सांगायचं आहे. त्यासाठी ज्या माणसाने कामाला पहिल्यांदा पद्धतशीर घड्याळ लावलं, त्याच्यापासून सुरुवात करावी लागेल.

टेलर आपल्याच धंद्यातला

फ्रेडरिक विन्स्लो टेलर १८५६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जन्मला. घरची सुस्थिती असूनही १८७४ मध्ये तो कारखान्यात उमेदवार म्हणून शिरला. शिकला काय, तर पॅटर्नमेकरचं आणि मशिनिस्टचं काम. म्हणजे ज्या दोन कामांवर आपलं उद्यमनगर उभं आहे, तीच. पुढे मिडव्हेल स्टील कारखान्यात तो साध्या मजुरीपासून मुख्य इंजिनिअरपर्यंत चढला.

आपल्या टर्नरला त्याची एक देणगी रोज हाताशी असते. बेथलेहेम स्टीलमध्ये टेलर आणि माउन्सेल व्हाइट यांनी पोलाद तापवून कडक करण्याची नवी रीत शोधली. लालबुंद होईपर्यंत तापलं तरी धार टिकवणारं टूल त्यातून आलं. आपण त्याला एचएसएस (हाय स्पीड स्टील) म्हणतो. लेथवर कोणत्या धातूला किती वेग, किती फीड, किती खोल काप घ्यावा, याचे प्रयोग टेलरने सुमारे २६ वर्षं केले. टूलचं आयुष्य काढण्याचं त्याचं सूत्र आजही इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात.

हीच प्रयोगाची रीत त्याने माणसाच्या कामाला लावली. बेथलेहेमच्या आवारात मजूर फावड्याने कोळसा आणि खनिज भरत. टेलरने पाहिलं की एकाच फावड्यात हलक्या कोळशाचं ओझं फार कमी भरतं आणि जड खनिजाचं फार जास्त. एका फावड्यात साधारण २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल आला, तर दिवसभरात सर्वांत जास्त काम होतं, असं त्याला आढळलं. मग त्याने हलक्या मालाला मोठं आणि जड मालाला लहान फावडं दिलं. घाम तेवढाच राहिला आणि काम वाढलं. ही शास्त्रीय व्यवस्थापनाची उजळ बाजू आहे. हत्यार बदला, जागा बदला, रीत बदला, माणसाची निष्कारण झीज थांबवा.

दुसरी बाजू त्याने स्वतःच सांगितलेल्या उदाहरणात दिसते. बिडाच्या लाद्या वॅगनमध्ये भरणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल उचलत असे. टेलरच्या हिशेबाने तो साडेसत्तेचाळीस टन उचलू लागला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. हिशेब मांडून पाहा: काम जवळजवळ चौपट झालं आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. पुढच्या संशोधकांनी जुनी कागदपत्रं तपासली, तेव्हा टेलरने ही हकिगत बरीच रंगवून सांगितल्याचं दिसून आलं. तरी १९११ मध्ये आलेल्या त्याच्या 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' या पुस्तकामुळे ती जगभर गेली.

चूक कुठे झाली ते टूलवरच्या आणि माणसावरच्या प्रयोगांच्या मध्ये सापडतं. लेथचं टूल बोलत नाही. त्याला दुखत नाही, घरी आजारी आई नसते आणि स्वतःच्या कामाविषयी त्याचं काही मतही नसतं. टूलवर प्रयोग करताना त्याला विचारावं लागत नाही. टेलरने माणसावरही तसाच प्रयोग केला. विचार करायचं काम ऑफिसचं, हात चालवायचं काम कामगाराचं, अशी त्याने वाटणी केली. मेस्त्रीच्या डोक्यातली विद्या काढून ती साहेबाच्या कागदावर नेली आणि मेस्त्रीला त्या कागदाचा ताबेदार केलं.

वॉटरटाउनचे मोल्डर आणि मुंबईचे विणकर

टेलरच्या घड्याळाविरुद्ध गाजलेला पहिला संप कोणी केला? फाउंड्रीतल्या मोल्डरांनी. बॉस्टनजवळ वॉटरटाउन इथे अमेरिकन सरकारचा शस्त्रकारखाना होता. ऑगस्ट १९११ मध्ये तिथल्या एका मोल्डरने घड्याळासमोर काम करायला नकार दिला. त्याला कामावरून काढलं, तेव्हा बाकीचे मोल्डरही बाहेर पडले. त्यांचं म्हणणं होतं की न विचारता आमच्यावर घड्याळ लावणं हा आमचा अपमान आहे. प्रकरण अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेलं, चौकशी समिती बसली, तिच्यापुढे टेलरची जबानी झाली. पुढे सरकारी कारखान्यांत स्टॉपवॉचला अनेक वर्षं बंदी राहिली.

हा वाद आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये मालकांनी 'कार्यक्षमते'च्या योजना आणल्या. दोन माग चालवणाऱ्या विणकराने तीन माग चालवावेत, कमी माणसांत जास्त काम व्हावं, असा त्यांचा रोख होता. १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने गिरणी कामगारांचा संप चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले. त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागांतून पोटासाठी मुंबईला गेलेले कितीतरी होते. याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे पुढारी पुढे आले. एक माणूस तीन माग चालवू शकतो की नाही, एवढाच हा तंटा नव्हता. सूत चांगलं आहे का, धागा किती वेळा तुटतो, वाचलेल्या मजुरीतला वाटा विणकराला किती, हे कुणी विणकराला विचारलं नव्हतं.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर मजुरी आजही मीटरवर आणि पिकांवर (आडव्या धाग्यांवर) ठरते, आणि एका माणसाने किती माग सांभाळावेत हा प्रश्न तिथे अजून जिवंत आहे. त्याचं एक उत्तर १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये सापडलं होतं. तिथे नवे स्वयंचलित माग आले, कामाची बारीक वाटणी झाली. २२४ मागांवर २९ माणसं बारा प्रकारची वेगवेगळी कामं करत होती. उत्पादन मात्र हवं तसं येईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या ए. के. राइस यांनी सुचवलं की सात जणांचा एक गट करावा आणि ६४ मागांची सगळी जबाबदारी त्या गटाकडे द्यावी. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली आणि गट आपणच जमवले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माग तेच होते, माणसंही तीच. फक्त विचार करण्याचा हक्क त्यांना परत मिळाला होता.

जपानमध्ये टोयोटाच्या ताइची ओहनो यांनीही टेलरचं घड्याळ फेकून दिलं नाही, ते त्यांनी वेगळ्या हातात दिलं. कामाची प्रमाण रीत ते काम करणाऱ्यांनीच लिहावी आणि त्यांनीच सुधारत राहावी, असा त्यांचा आग्रह होता. आज जगभर 'लीन' म्हणून जे शिकवतात, त्याच्या मुळाशी हा आग्रह आहे. तो वगळून नुसते तक्ते आणले, तर उरतं ते जुनं टेलरचंच घड्याळ.

आधी लिहा, मग मोजा

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. तुमचं वर्कशॉप दहा माणसांचं असो की दोनशेंचं, क्रम हाच ठेवा.

पहिली पायरी विचारण्याची. सगळ्यांत जास्त डोकेदुखी देणारं एकच काम निवडा. ज्या नगाचं रिजेक्शन जास्त आहे किंवा ज्या मशीनपुढे माल तुंबतो, तिथून सुरुवात करा. ते काम करणाऱ्या सर्वांत अनुभवी माणसाजवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा: "मामा, या कामात अडतं कुठं? नवीन पोरगं चुकतं कुठं? तुमच्या हातात असतं तर तुम्ही काय बदललं असतं?" उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मध्ये दुरुस्ती करू नका.

कागदाची भीती बाळगू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, त्याआधी ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवत होते. मनातली वस्तू कागदावर उतरवता आली की ती दहा हातांना सारखी करता येते, हे ड्रॉइंग शिकवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. कोल्हापूरच्या मेस्त्रीने डोळ्याने पाहून इंजिनाचे भाग बनवले, ही आपली मोठी मिरास आहे. पण ती फक्त डोक्यात राहिली तर मेस्त्रीबरोबरच निघून जाते.

गुऱ्हाळावर पाहा. काहिलीतला पाक झाला की नाही हे गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून, गोळी वळून ओळखतो. थर्मामीटर लावला तर ते तापमान ११८ अंशांच्या आसपास येतं. नव्या माणसाला थर्मामीटर आधार देतो. पण ऊस कुठल्या जातीचा, रानातला की नदीकाठचा, यावर पाक थोडा पुढेमागे होतो आणि तो फरक गुळव्याच्या बोटांना कळतो. म्हणून कागदावर दोन्ही लिहायला हवं, तापमानही आणि गोळीही.

पायांचा हिशेब

दुसरी पायरी चालण्याची. घड्याळ काढण्याआधी पाय मोजा. एका पाळीत माणूस कुठून कुठे किती वेळा जातो, हे शेडच्या साध्या नकाशावर पेन्सिलने रेघा ओढून दाखवा. समजा हेल्परला पाना आणायला ४० मीटरवरच्या कपाटापर्यंत जावं लागतं. जाऊन-येऊन ८० मीटर. पाळीत ३० खेपा झाल्या तर २,४०० मीटर. ताशी चार किलोमीटरने चाललं तरी ३६ मिनिटं नुसतं चालण्यात गेली. तो पाना मशीनशेजारी टांगला, तर कुणावर ओरडावं लागत नाही आणि कुणाला घाईही करावी लागत नाही.

फ्रँक गिलब्रेथ हा अमेरिकन गवंडी-ठेकेदार टेलरच्याच काळातला. त्याने विटांचं बांधकाम पाहिलं. प्रत्येक विटेसाठी गवंडी खाली वाकत होता. त्याने विटा आणि चुना कमरेच्या उंचीवर राहतील अशी परात केली, विटा आधीच निवडून लावून ठेवल्या. एक वीट लावायला लागणाऱ्या हालचाली अठरावरून पाचांवर आल्या. पत्नी लिलियन गिलब्रेथ मानसशास्त्राच्या अभ्यासक होत्या. थकवा आणि माणसाचं मन यांना त्यांनी या शास्त्रात जागा दिली. तुमच्या शेडमध्ये आजच पाहा: जमिनीवरून उचललं जाणारं काय आहे? वजनदार कास्टिंग जमिनीवर पडलं असेल, तर पहिला खर्च टेबलाचा किंवा हॉइस्टचा करा. पाठ वाचली तर माणूस वाचतो, आणि पाळीचा शेवटचा तास पहिल्या तासासारखा जातो.

घड्याळ उघड्यावर

रीत ठरली, जागा लागली, आता घड्याळ. त्याचे नियम पक्के असावेत.

घड्याळ लपवू नका. आदल्या दिवशी सांगा की उद्या आपण हे काम मोजणार आहोत, का मोजणार आहोत, आणि या मोजणीवरून कुणाची मजुरी कापली जाणार नाही. वही कामगाराला दाखवा. त्याने "या नगाला बीड कडक होतं" म्हटलं, तर तेही नोंदवा.

सर्वांत चपळ माणूस मोजू नका. टेलरने निवडक दणकट माणूस धरला आणि त्याचं माप सगळ्यांना लावलं, तिथेच त्याच्याविषयी अविश्वास सुरू झाला. रोज नेहमीच्या गतीने, चांगलं काम करणारा माणूस निवडा. किमान दहा नग मोजा आणि वेगवेगळ्या वेळी मोजा. सकाळी नऊ वाजता आणि दुपारी तीन वाजता माणूस सारखा नसतो.

कामाचे तुकडे पाडा. समजा ड्रिलिंगचं काम आहे: नग लावणं ४० सेकंद, मशीन चालणं १५०, नग काढणं ३०, गेजने तपासणं २०. एकूण २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटं. आता स्वच्छ दिसतं की अडीच मिनिटं मशीनची आहेत. तिथे माणसावर ओरडून काही होणार नाही. वेळ वाचवायचा तर टूल आणि फिक्श्चर पाहा.

यात विश्रांतीची भर घाला. हे राहिलं तर सगळा हिशेब अन्यायाचा होतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नेहमीच्या पद्धतीत वैयक्तिक गरजांसाठी पुरुषांना ५ टक्के, स्त्रियांना ७ टक्के आणि मूळ थकव्यासाठी ४ टक्के धरतात. उभं राहणं, वजन, उष्णता, आवाज, धूळ यांची भर वेगळी. आपल्या उदाहरणात एकूण १५ टक्के धरू. चार मिनिटांची ४.६ मिनिटं होतात. जेवण वगळून पाळीत ४५० मिनिटं असतील, तर ९७ नग होतात. भर न धरता हिशेब केला, तर ११२ येतात. हा १५ नगांचा फरक पाणी पिण्यात, घाम पुसण्यात, पाठ सरळ करण्यात जातो. ११२ चं टार्गेट देऊन रोज माणसाला कमी पडलेलं दाखवणं म्हणजे त्याने पाणी प्यायल्याबद्दल त्याला दोष देणं. भट्टीजवळ, ओतकामाच्या जागी, एप्रिल-मे महिन्यांत ही भर याहून जास्त धरा.

कामाचं कार्ड

मोजून ठरलेली रीत एका पानाच्या कार्डावर आणा. सोपं मराठी वापरा. आपल्या फाउंड्रीत आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातूनही माणसं येतात, म्हणून शेजारी हिंदी आणि फोटो ठेवा. प्रत्येक कृतीपुढे तीन रकाने असू द्यात: काय करायचं, कसं ओळखायचं की बरोबर झालं, आणि चुकलं तर काय करायचं. दुसरा रकाना सर्वांत मोलाचा. "वाळू मुठीत दाबून मोडा, कड शाबूत राहिली पाहिजे", ही ओळ तिथे येते. लॅबची तपासणी किती वेळाने, तेही तिथेच.

कार्डाच्या खाली ही रीत ज्याने सांगितली त्याचं नाव, त्याची परवानगी घेऊन, लिहा. ज्याची विद्या त्याचं नाव, हा साधा न्याय आहे. कार्डावर तारीख टाका आणि तीन महिन्यांनी ते पुन्हा उघडा. काम करणाऱ्याने बदल सुचवला आणि तो करून पाहिल्यावर बरोबर ठरला, तर नवं कार्ड काढा. कार्ड म्हणजे आजपर्यंत सापडलेली चांगली रीत. उद्या याहून चांगली सापडू शकते.

वाचलेलं कुणाचं?

सुधारणेतून पैसा वाचतो, तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. हजार नगांमागे रिजेक्शन ८० वरून ५० वर आलं, तर तीस नग वाचले. नग वीस किलोचा असेल, तर सहाशे किलो धातू पुन्हा वितळवावा लागला नाही. तेवढी वीज, तेवढी वाळू, तेवढी मजुरी वाचली. हा आकडा फळ्यावर लिहा आणि त्यातला वाटा आधीच ठरवा. ठरलेला बोनस, गटाला इन्सेंटिव्ह, पगारवाढ, काहीही असो, काम सुरू होण्याआधी ठरवा आणि लिहून द्या.

उक्त्या कामाचा दर एकदा मोजून ठरला, तर मशीन किंवा रीत बदलल्याशिवाय तो खाली आणू नका. कामगार मुद्दाम संथ का काम करतात, याचं कारण टेलरने स्वतः ओळखलं होतं: जास्त नग काढले की मालक दर कापतो, हा त्यांचा अनुभव. दर एकदा कापला की पुढची दहा वर्षं तुम्हाला खरा वेग कुणी दाखवत नाही. जादा तासांना कायद्याप्रमाणे दुप्पट मजुरी द्या. आणि सुधारणेमुळे एखादं काम कमी झालं, तर त्या माणसाला दुसरं काम शिकवा. सुधारणा सुचवणाऱ्याचंच काम गेलं, तर त्या शेडमध्ये पुन्हा कुणी काही सुचवणार नाही.

पडद्यामागचं नवं घड्याळ

आज घड्याळ खिशात राहिलेलं नाही. सीएनसीवरचा मॉनिटर मशीन किती मिनिटं थांबलं ते मालकाच्या मोबाइलवर पाठवतो. दारात बोट लावून हजेरी होते. छताला कॅमेरा असतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीत, ताराबाई पार्कात जेवणाची पिशवी घेऊन धावणाऱ्या मुलाला ॲप मिनिटं मोजून दाखवतं, पण रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर किती गर्दी असते हे ते मुलाइतकं जाणत नाही. ऑफिसातल्या संगणकावर कळ किती वेळा दाबली, तेही मोजलं जातं. टेलरच्या वेळी एका माणसावर एक निरीक्षक लागत असे. आता एक पडदा हजारांवर नजर ठेवतो. म्हणून जुनी चूकही हजारपट मोठी होऊ शकते.

अशी यंत्रणा बसवताना पाच गोष्टी पाळा. काय मोजलं जातं, ते मोजल्या जाणाऱ्या माणसाला सांगा. त्याचे आकडे त्यालाही दिसू द्या. मशीन थांबलं की "कोण होतं?" विचारण्याआधी "का थांबलं?" विचारा, बहुतेक वेळा उत्तर टूल, माल किंवा वीज हे असतं. नुसत्या आकड्यावरून कुणाला दंड करू नका, समोर बसवून त्याचं म्हणणं ऐका. आणि जे मोजून काही सुधारणार नाही, ते मोजूच नका.

कामगार बांधवांनाही एक सांगणं आहे. तुमची स्वतःची छोटी वही ठेवा. तारीख, जॉब, किती नग, किती वेळ थांबावं लागलं आणि कशामुळे, एवढंच लिहा. महिन्याभराने ती वही साहेबापुढे ठेवा. "काम होत नाही" या आरोपाला "सोळा वेळा वाळूसाठी थांबलो" हे तारखांसह दिलेलं उत्तर भारी पडतं. मोजमाप तुमच्याही हातात असू शकतं.

सोमवारपासून

येत्या सोमवारी एकच काम निवडा. पहिल्या आठवड्यात फक्त विचारा आणि लिहा. दुसऱ्या आठवड्यात चालण्याच्या रेघा ओढा आणि टेबल, कपाट, पाना यांच्या जागा बदला. तिसऱ्या आठवड्यात सांगून मोजा. चौथ्या आठवड्यात कार्ड करा आणि वाट्याचा आकडा फळ्यावर लिहा. एका कामात हा महिना नीट गेला, तरच पुढचं काम हाती घ्या.

मामा आता निवृत्त झाले आहेत. त्या फाउंड्रीतल्या वाळूच्या मिक्सरशेजारी अजूनही कार्ड आहे. तपासणीचं वेळापत्रक तासातासाचं झालं आहे, आणि त्याच्या वरच्या ओळीत मूठ दाबण्याची रीत आहे. खाली मामांचं नाव आहे. नव्याने लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी तिथे उभं करतात. आधी वाळू मुठीत घेऊन मोडायला शिकवतात, मग लॅबचा कागद वाचायला. दोन्हींत फरक पडला, तर त्याने काम थांबवून हाक मारायची, असं तिसऱ्या रकान्यात लिहिलं आहे. त्या पहिल्या उन्हाळ्यात मला मामांनी हाक मारली होती. ती ऐकायची कशी, हे मला आता कार्डावर लिहून ठेवता आलं आहे.